कोयता हातात देऊ नये

मे महिना उतरणीला लागला की लोणावळ्याच्या बाजारात एक गंमत होते. चिक्कीच्या दुकानांपुढे पाहुण्यांची झुंबड असते, गाड्या एकमेकींना खेटून हॉर्न वाजवत असतात, आणि त्याच गर्दीत हार्डवेअरच्या दुकानाबाहेर काटेरी तारेची भेंडोळी येऊन पडतात. पाहुण्यांना ती दिसत नाहीत. फार तर एखादीची ओढणी अडकते, ती जराशी किंचाळते आणि पुढे जाते. आम्हा इथल्या लोकांना मात्र ती भेंडोळी दिसली की कळतं, कुंपणाचे दिवस आले. मग तारेशेजारी निळी ताडपत्री लटकते, गमबूट येतात, पहारी भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि दुकानाच्या चौकटीला कोयत्यांची माळ लागते. नव्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास फुटपाथवर पसरतो. एके काळी मला हा वास फार आवडायचा. आता तो नाकात गेला की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

यंदा पलीकडून जाता आलं नाही. दादाचा फोन आला. "मंगे, तुला सुट्टी हाये न्हवं? मला बाजारात यायचंय. हत्यारं घ्याची हायेत."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सोपान. मळवलीला आमचं घर आणि थोडी भातखाचरं आहेत, तिथे तो आणि सुमनवहिनी राहतात. मी लग्न होऊन लोणावळ्यात आले आणि इथल्याच शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवते. काही वर्षांपूर्वी अशाच मे महिन्यात दादा शिडीवरून पडला. तेव्हापासून त्याचा उजवा पाय नुसता त्याच्यासोबत असतो, त्याचं ऐकत नाही. बगलेत कुबडी आली. 'हत्यारं' हा शब्द त्याच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलाच नव्हता. फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले.

कुंपणाचे दिवस पंचांगात लिहिलेले नसतात. आम्ही लहान होतो तेव्हा ते वासावरून कळायचे. भात काढून झालं की सगळं रान मोकळं व्हायचं. बांधावरची वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, उघडून टाकायची आणि उन्हाळाभर कुणाचीही गुरं कुणाच्याही खाचरात फिरायची. कोणी कोणाला बोलायचं नाही. मग वैशाख आला की वई पुन्हा घालायची. करवंदीच्या काट्या ओढून आणायच्या, हाताला ओरखडे आणि तोंडात करवंदं. त्याच दिवसांत ऐनाची टहाळं तोडायची, भाताच्या रोपाच्या जागेवर पसरून पेटवायची, म्हणजे राब भाजायचा. विसापूरच्या अंगाने वारं सुटलं की तो धूर घरात शिरायचा, आई पदराने डोळे पुसत भाकऱ्या थापायची आणि धुराला शिव्या द्यायची. तोडायचं आणि बांधायचं, दोन्ही कामं त्याच दिवसांत, त्याच हातांनी. त्या हातांना एक कोयता पुरायचा.

मग बंगले आले. बंगल्यांबरोबर सिमेंटचे खांब आले, जाळ्या आल्या, उन्हाळ्यातही न उघडणारी कुंपणं आली. कुणाला वाईट वाटलं, कुणाला कामं मिळाली. दादाला काम मिळालं. एका बंगल्याची राखण त्याच्याकडे होती. शिवाय मे महिना आला की आसपासचे बंगलेवाले त्याला शोधत यायचे. छपरावर आलेली फांदी उतरव, तारेवर टेकलेलं झाड छाट, सैल पडलेलं कुंपण ताणून दे. जूनचं वारं सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकायचं असायचं. आणि दादा ते उरकायचा. त्याचा त्याला भारी तोरा होता. एका मालकाने मुंबईहून हेल्मेट आणि कमरेचा पट्टा आणून दिला, तर हा म्हणाला, "ह्ये डोक्यात घालून मी झाडावर काय मोटरसायकल चालवनार हाये का?" पट्टा गोठ्यात गेला आणि हेल्मेटात वहिनीने कोथिंबीर लावली.

हत्यारं घ्यायला मात्र त्याच्याबरोबर जाण्यात मजा होती. मी सुट्टीत मुद्दाम जायची. पक्कड घ्यायची तर तो ती कानाजवळ नेऊन उघडझाप करायचा. दोर घ्यायचा तर पीळ उलगडून बघायचा, नाकाला लावायचा, पुन्हा पिळायचा. कोयता त्याने दुकानातून कधी घेतला नाही. तो कामशेतच्या एका लोहाराकडचाच लागायचा, पुढे बाक दिलेला, फांदीला अडकवून ठेवता येईल असा. तरी दुकानातले सगळे कोयते तो नखाने वाजवून बघायचा आणि सगळ्यांना नावं ठेवायचा. दुकानदार हात टेकायचा. वहिनी बाजूला उभी राहून पिशवी हलवत म्हणायची, "मला बघाया आलते तवा येवडं बघितलं असतं तर?" दादा मागे न वळता म्हणायचा, "तवा कुटं अक्कल हुती." की सुरू.

त्यांचं भांडण हा आमच्या वस्तीचा एक नेमच होता. सकाळी पाण्यावरून, दुपारी जेवणावरून, संध्याकाळी कोंबड्यांवरून. शेजारची पारूमावशी म्हणायची की सोपानच्या घरातून आवाज आला न्हाई तर दूध तापवायची येळ झाली ह्ये मला कळायचं न्हाई. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यावरून मात्र ते कधी भांडले नाहीत. बाकी जगातला प्रत्येक विषय त्यांनी भांडायला घेतला होता. मला लग्नानंतर माझं शांत घर आवडायचं, खोटं कशाला बोलू, पण सुट्टीत मळवलीला उतरलं, फाटक ओलांडलं आणि लांबूनच वहिनीचा चढा सूर कानावर आला की आपण घरी आलो असं वाटायचं.

या घरात एक गोष्ट कटाक्षाने पाळली जायची. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही. कोयता असो, विळा असो, कात्री असो. भुईवर ठेवायची आणि दुसऱ्याने उचलून घ्यायची. हातात दिली तर दोघांत भांडण होतं. हे कोणी शिकवत नाही, आपोआप येतं. माझ्या वर्गात हस्तकलेच्या तासाला मुली अजूनही कात्री बाकावर ठेवतात आणि मैत्रीण ती उचलते. मी त्यांना कधी हटकलं नाही. दादा वहिनीला चिडवायचा, "आपन तर इळभर भांडतो, आनखी काय व्हनार हाये? दे हातात." ती कोयता मुद्दाम लांब ठेवायची. "हाये तेवडं भांडान पुरं हाये मला."

खरं तर या रिवाजात शहाणपण आहे. वस्तू खाली ठेवली तर कोणाचा हात कापत नाही. पण तो जमिनीवरच्या माणसांचा रिवाज आहे. झाडावर चढलेल्या माणसाचा विचार तो रिवाज पाडणाऱ्याने केला नसावा.

झाडावर हत्यार चढवायची आमच्याकडची रीत वेगळी. माणूस आधी रिकाम्या हाताने वर जातो, दोर खाली सोडतो, खालचा माणूस कोयता बांधतो आणि वरचा ओढून घेतो. कोणाच्या हातात काही द्यावं लागत नाही. दादा पडला त्या दिवशीही तसंच व्हायचं होतं. त्याच्या राखणीच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला जांभळाची एक जाड फांदी छपरावर गेली होती. जांभूळ ठिसूळ, म्हणून दादा फांदीवर न चढता मालकाच्या अॅल्युमिनियमच्या शिडीवर होता. बारक्या डहाळ्या तोडून झाल्या, कोयता दोराने खाली सोडून त्याने दोर मोकळा केला. मोठी फांदी कौलांवर पडू नये म्हणून दादाने तोच दोर तिला बांधला, आणि दोराचं दुसरं टोक ताणून धरायला माझ्याकडे दिलं. जांभळं नुकती पिकायला लागली होती. खाली सगळीकडे जांभळा सडा, त्यावर माश्या. बाजूला नव्या कुंपणासाठी आणलेले सिमेंटचे खांब रचून ठेवले होते. दुपारची गाडी मळवलीला थांबून पुढे गेल्याचं मला ऐकू आल्याचं आठवतं.

दादा वरून वहिनीला म्हणाला, "कोयता दे गं."

कोयता वर चढवायचा दोर तर फांदीत गुंतला होता. वहिनी कोयता घेऊन शिडीच्या खालच्या पायऱ्या चढली. दादाने हात खाली केला. आणि तिने त्याच्या हाताकडे बघत, सगळ्या जन्माच्या सवयीने, तो कोयता त्याच्या पायाजवळच्या पायरीला बाकाने अडकवला आणि ती खाली उतरली.

तो घ्यायला दादा वाकला. शिडीचा पाय जांभळांच्या चिखलात सरकला. दादा त्या खांबांवर पडला, पाठीवर. आवाज फार मोठा झाला नाही. मी दोर सोडला नव्हता, फांदी तशीच वर, माझ्या हाताला हिसका देखील बसला नाही. वहिनी तोंड उघडून उभी होती आणि तिच्या तोंडातून काही येत नव्हतं. कोयता पायरीलाच अडकलेला राहिला होता आणि पडलेल्या शिडीबरोबर तिच्या पायाशी येऊन पडला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? दादा म्हणाला, "शिडी सरकली." ते खरंच होतं. मालकाने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. मी तिथेच होते, मी पण मान हलवली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिला कोणी काही विचारलं नाही. आठवडे गेले, पाठ सुधारली, पाय सुधारला नाही. बंगल्यावर दुसरा राखणदार आला, आणि कुंपणही दुसऱ्याच कोणीतरी घातलं. ते आजही उभं आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळते.

दादाचा पाय गेला हे सगळ्यांना दिसलं. त्या घरातलं भांडण गेलं हे फक्त मला आणि पारूमावशीला कळलं.

वहिनी बोलायची बंद झाली असं नाही. बोलायची, पण हळू. 'व्हय' म्हणायची, 'बरं' म्हणायची. दादाने भाजीला नाव ठेवलं तर गुपचूप दुसरी करायची. आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ती दादाच्या हातात काहीच देईना. कोयता तर नाहीच, तो तिने गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. पण गोळ्या, कुबडी, टॉवेल, चहाचा कप, सगळं ती त्याच्याजवळ खाली ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्याला वाकायला त्रास होतो हे दिसत होतं, म्हणून एक स्टूल आणून ठेवलं आणि स्टुलावर ठेवायला लागली. दादाचा पुढे आलेला हात तसाच राहायचा, मग तो स्टुलाकडे वळायचा. मी एकदा तिच्यावर ओरडले, "वहिनी, चहाला धार असते का?" ती म्हणाली, "वन्सं, माज्या हाताचा मलाच भरवसा न्हाई."

मी तिला समजावलं, पारूमावशीने समजावलं. तुझा काय दोष, शिडीच सरकली, नशिबात होतं, अशी सगळी मऊ मऊ वाक्यं आम्ही वापरली. दादाही म्हणायचा, "तुजा काय संबंध?" तो ते म्हणताना तिच्याकडे बघायचा नाही. मला आता वाटतं, त्या वाक्यांनीच तिला जास्त मारलं. आम्ही सगळे तिच्याभोवती एवढे सांभाळून वागत होतो की आपण काय केलंय हे तिला रोज नव्याने कळत होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. पडल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला पाटावर पहार होती, विळा होता, पक्कड होती. कोयता नव्हता. दादाने पाटाकडे बघितलं, माळ्याकडे बघितलं, मग मुकाट्याने झेंडू वाहिला. त्यानंतरचे दसरेही तसेच गेले. तेव्हाच कोणीतरी बोलायला हवं होतं. आम्ही गोड जेवलो आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.

तर यंदा हा फोन. का, ते आल्यावर कळलं. परड्यातल्या कुंपणाची तार गंजून तुटली होती, रानडुकरांनी रताळी उकरली होती. आता रोपाची जागाही उकरली तर वर्षाचं भात जाणार. माणूस लावून करून घेऊ असं मी म्हणाले. दादा म्हणाला, "बसून व्हतं तेवडं मी करनार. माजं परडं हाये." त्याच्या आवाजात तो जुना तोरा एवढासा परत आला होता. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार तोच, दादाला बघून त्याने खुर्ची बाहेर आणली. दादा खुर्चीवर बसला आणि त्याने निवड सुरू केली, पण ही निवड वेगळी होती. पूर्वी तो हत्यार कसं आहे ते बघायचा, आता आपल्याला ते जमेल का ते बघत होता. तार ताणायचं एक दातेरी यंत्र आलं होतं, बसल्या जागी ओढता येईल असं. ते त्याने फिरवून बघितलं. जाड हातमोजे घेतले. पूर्वी त्याने मोजे घातले असते तर वहिनीने सात पिढ्यांचा उद्धार केला असता. लांब दांड्याची करवत दुकानदाराने जोडून दाखवली, जमिनीवर उभं राहून वरची फांदी कापायची. दादाने ती दोन्ही हातांनी धरून वर उचलली. करवतीचं पातं दुकानाच्या पाटीपाशी थरथरत राहिलं. त्याचे दंड अजून चांगले आहेत, पण बसल्या जागीही एका पायाच्या आधारावर तोल राहीना. मी खुर्ची मागून धरली. "लय झ्याक हाये," तो म्हणाला आणि खाली ठेवली. "घ्या ही."

दुकानदाराने सवयीने विचारलं, "भाऊ, कोयता?" आणि चौकटीवरचा एक काढून त्याने काउंटरवर ठेवला. हातात दिला नाही. तोही इथलाच. दादाने तो उचलला, नखाने वाजवला, आणि काही नाव न ठेवता परत ठेवला. मी मागे वळून बघितलं तर वहिनी दुकानात नव्हती. ती रस्त्यापलीकडे, चिक्कीच्या दुकानापाशी, पाहुण्यांच्या गर्दीत पाठ करून उभी होती. जिथून मी दरवर्षी जाते, बरोब्बर तिथे.

कुंपण घालायला मी राहिले. दिवस ढगाळ होता, गदमदत होतं, अंगाला घाम आणि घामाला करवंदीची चिलटं. पलीकडच्या रानात कोणी तरी राब भाजत होतं, धूर वर न जाता खाचरातच बसून राहिला होता. खड्डे घेऊन जुने खांब बसवायला शेजारचे दोघे जण सकाळीच येऊन गेले होते. आता तार ताणायची होती. दादा एका ओंडक्यावर बसला, कुबडी बाजूला, मोजे हातात. मी तार धरायची, तो ताणायचा. वहिनी पक्कड त्याच्याजवळ गवतात ठेवायची आणि मागे सरकायची. तो कमरेतून वाकून, दात आवळून, ती चाचपडत उचलायचा. असं दर गाठीला. मी बघत होते. माझा संताप संताप होत होता, पण त्या दोघांच्या मध्ये जायची माझी हिंमत नव्हती.

कोपऱ्यात एक खांब मोडका होता. तिथे पांगाऱ्याचा खुंट लावायचं ठरलं. हा आमच्याकडचा जुना उपाय, पांगाऱ्याचं लाकूड पावसाआधी रोवलं की ते जगतं, खांबाचं झाड होतं आणि तार अंगात घेऊन वाढतं. नव्या करवतीने मीच एक फांदी काढली. पण खुंटाला खालून टोक करायला लागतं, आणि ते करवतीने होत नाही.

दादा खुंट मांडीवर आडवा घेऊन बसला होता. त्याने खाली मान घालूनच सांगितलं, "माळ्यावरचा कोयता आन."

वहिनी हलली नाही. "विळ्यानं व्हतंय का बघा."

"विळ्यानं न्हाई व्हत. आन."

ती गेली. किती तरी वेळ आली नाही. आली तेव्हा गोणपाटासकट घेऊन आली आणि ते तिने आमच्यासमोर सोडलं. पातं गंजलं होतं, मूठ मात्र दादाच्या हाताने गुळगुळीत झालेली तशीच होती. ती त्याच्यासमोर आली आणि वाकली, भुईवर ठेवायला.

दादाने हात पुढे केला. "हातात दे."

"खाली ठिवते."

"म्या वाकनार न्हाई. एकदा वाकलो." तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदा बोलला होता. "हातात दे, सुमे."

ती तशीच उभी. तार माझ्या हातात, ताणलेली. मला वाटलं ती कोयता टाकून पळत जाईल. तिने डोळे मिटले, मूठ त्याच्याकडे केली आणि कोयता त्याच्या हातात दिला. देऊन झाल्यावरही तिने थोडा वेळ पातं सोडलं नाही. मग सोडलं.

आणि भांडण झालं.

आमच्या लोकांचं म्हणणं असं खरं होईल असं मला वाटलं नव्हतं. सुरुवात तिने केली. आधी नुसता श्वास, मग तो जुना चढा सूर, जो मला वाटलं होतं कायमचा गेला. "कशाला चढलात तुमी? दोर मोकळा व्हईस्तवर दम न्हवता? चार येळा म्हनले, त्यो पट्टा बांधा. कोन ऐकतंय? मिजास! सगळ्या मळवलीला दाखवायचं हुतं न्हवं?"

"तू पायरीला लावलास!" दादा ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "हात पुडं केलता म्या. दिसला न्हाई तुला? हातात दिला असतास तर आज माजा पाय असता."

झालं. एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनी मऊ वाक्यांखाली दाबून ठेवलेलं ते वाक्य परड्यात उघडं पडलं. मला वाटलं, आता ही कोसळते. ती कोसळली नाही. ती दोन पावलं पुढे आली.

"व्हय! लावला! म्याच लावला!" ती म्हणाली. "मग बोलला का न्हाई? डाक्टरनी इचारलं तर म्हनं शिडी सरकली. शिडी सरकली! तुमी साधू झालात आन मला रोज जाळलंत."

"बोलून पाय येनार हुता का माजा?"

"पाय न्हवता येनार. मला झोप तर आली असती!"

पारूमावशी आपल्या परड्यात येऊन उभी राहिली होती. ती मध्ये पडली नाही. दोघं भांडत राहिले, जे जे राहून गेलं होतं ते सगळं, पट्टा, हेल्मेट, कोथिंबीर, दवाखान्यातलं जेवण, पाटावर नसलेला कोयता, न झालेलं मूलदेखील. तो विषय त्यांनी कधीच काढला नव्हता, तो त्या दिवशी निघाला, आणि फार वाईट शब्दांत निघाला. ते मी इथे लिहिणार नाही. मला वाटायचं, हे दोघं एकदा भांडले की सगळं हलकं होईल. तसं काही झालं नाही. दादाचा तो पाय बाजूला लाकडासारखा पडला होता. वहिनी पदर तोंडात कोंबून रडत होती. जे गेलं ते गेलंच होतं, फक्त आता ते धुरात दडलेलं नव्हतं. मी तार घट्ट धरून उभी होते, कारण सोडली असती तर ती सगळी पुन्हा गुंडाळली गेली असती.

मग वहिनी आत गेली. दादाने कोयता सरसावला आणि खुंटाला टोक करायला घेतलं. गंजका असल्याने लागत नव्हता. तरी तो मारत राहिला, पांढऱ्या ढलप्या गवतात उडत राहिल्या. पांगाऱ्याचा ओला, कच्चा वास आला.  

घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. दादाचा हात थांबला. पलीकडून पारूमावशी स्वतःशीच पुटपुटली, "आला बाई आवाज." 

वहिनी कप घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल, केस सुटलेले. सवयीने दादाने कोयता खाली ठेवला आणि स्टूल कुठे आहे ते बघायला लागला. स्टूल परड्यात नव्हतं. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, कप त्याच्या छातीशी नेला, थोडा चहा त्याच्या मोज्यावर सांडलासुद्धा.

"धरा की!" ती खेकसली. "का आता च्या बी भुईवर ठिवू?"